आईला नको हां

दादा, जाता जाता "आईला नको हां" एवढं म्हणून तू मोकळा झालास. निस्तरायचं मात्र माझ्या गळ्यात पडलं. आणि वेळ तरी कसली साधलीस! ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून माणूस काही मागतो तेव्हा समोरच्यानं मान हलवायचीच असते. मी हलवली. तेव्हापासून एका जागी धड बसलेली नाही. गॅलरीत जाते, परत येते, फ्रिज उघडते, कशाला उघडला ते आठवत नाही म्हणून बंद करते. वहिनी म्हणते, "ताई, बसा हो जरा." बसले की तू आठवतोस, आणि तू आठवलास की भांडावंसं वाटतं. भांडायला तू समोर नाहीस, म्हणून हे लिहितेय.

आधी घरची बातमी ऐक. प्रांजलचे बूट आईनं काढून घेतले. तुझ्या लेकीचे, तूच हौसेनं आणलेले, केशरी तळव्याचे. ते तिनं आपल्या लोखंडी कपाटात ठेवले आणि किल्ली कनवटीला लावली. पाहुण्यांच्या चपलासुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ न देणारी आपली आई. तिनं मातीनं भरलेले बूट स्वतःच्या लुगड्यांशेजारी ठेवले, यावरून समज पाणी कुठवर आलं होतं. पोलीस भरतीची मैदानी चाचणी तोंडावर आली आहे. मागच्या वेळी पोरगी आठशे मीटरला थोडक्यात मागे पडली होती. या वेळी तू स्वतः तिची तयारी करून घेत होतास. आणि त्यात आजी म्हणाली, "माजा पोर धावून धावून गेला. नातीला मी धावू देनार नाय. संपला विषय."

आईनं विषय संपला म्हटलं की आपल्या घरात तो संपतो, हे तुला सांगायला नको.

तिला तरी काय बोलणार? समाचाराला आलेला प्रत्येक माणूस हेच बोलून गेला. "या वयात एवढं धावायलाच नको होतं हो." "हल्ली व्यायामानंच अटॅक येतात, मोबाईलवर रोज एक व्हिडीओ येतो." बंदरात तुझ्याबरोबर कामाला असलेले मित्र बिल्डिंगखाली घोळक्यानं उभे राहून एकमेकांना हेच सांगत होते, आणि दादा, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या बोटांत सिगारेट होती. एकानं मला बघून ती घाईघाईनं पाठीमागं लपवली. मी पुढं गेले. हसावं की त्या सगळ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावाव्यात, ते कळेना.

म्हणजे पेच असा होता की आईला खरं सांगितलं तर तुझा शब्द मोडतो, आणि नाही सांगितलं तर पोरीची भरती जाते. वर धावणं कायमचं बदनाम होतं ते वेगळंच. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि चोर कोण ते मला माहीत असताना मी गप्प बसायचं. मला गप्प बसता येत असतं तर तुझ्याशी एवढी वर्षं भांडले असते का?

आपलं भांडण तसं एका ओळीचं होतं. तू म्हणायचास, मी निरोगी आहे. मी म्हणायचे, तू धडधाकट आहेस, निरोगी नाहीस. तू म्हणायचास, हे मास्तरणीचे चोचले.

लिफ्ट बंद पडली होती तो दिवस तू किती वेळा उगाळलास! खांद्यावर गॅसचा भरलेला सिलिंडर घेऊन तू पाचव्या मजल्यावर, आणि नुसती भाजीची पिशवी घेऊन मी तिसऱ्यावर कठडा धरून उभी. तू वरून वाकून ओरडलास, "काय गो बाय, आपल्या दोघांत सिगरेट कोन वडतो?" सगळ्या मजल्यांना ऐकू गेलं. आई गावी गेली होती म्हणून तुझी ती हिंमत. मला उत्तर देता आलं नाही, एक तर दम लागला होता म्हणून आणि दुसरं म्हणजे उत्तर नव्हतंच. साखर मला. बीपी मला. गुडघे माझे कुरकुरणारे. आणि तू पन्नाशी ओलांडून गेलास तरी पोट सपाट, नाडी संथ, कबड्डीतल्या पोरांना अजून पायात पकडून पाडणारा. दर वर्षीच्या तपासणीत डॉक्टर तुझी पाठ थोपटायचे. "सांग मग, आजारी कोन?" मी म्हणाले, "आजारी मीच आहे, पण मला ते माहीत आहे. तुला माहीत नाही, एवढाच फरक." तेव्हा ते नुसतं तोंडाला तोंड देणं होतं रे.

आणि ती बाटली! शाळेत मी मुलांना प्रयोग करून दाखवला होता. प्लॅस्टिकच्या बाटलीत पांढराशुभ्र कापूस, तोंडाशी पेटती सिगारेट बसवायची आणि बाटली दाबत-सोडत राहायचं. कापूस आधी पिवळा पडतो, मग तपकिरी, मग त्याच्याकडे बघवत नाही. ती बाटली मी मुद्दाम तुझ्याकडे घेऊन आले. तू कापूस निरखून पाहिलास, नाकाशी नेलास, बाटली माझ्या हातात परत दिलीस आणि विचारलंस, "बाय, ही तुजी बाटली रोज नेरे गावापरयंत धावते काय?" प्रांजल जमिनीवर लोळून हसली. मलाही हसू आवरेना, आणि हसलं की हरलं.

आता उत्तरं सुचतात. बाबांच्या होडीचं उदाहरण द्यायला हवं होतं. रंग नवा, इंजिन नवं, खाडीतून निघाली की सगळ्यांच्या पुढं. आणि डागडुजीला वर ओढली तेव्हा तळाच्या फळीत बोट घातलं तर आत जात होतं. ती पुढं पळत होती हेही खरं आणि तळ खाल्लेला होता हेही खरं. पण भांडणात नेमकं उत्तर नेहमी भांडण संपल्यावर सुचतं.

आणि तरी, हे लिहिताना लाज वाटते, पण माझी साखर ताब्यात आली ती तुझ्यामुळं. गोळ्या सुरू झाल्या त्या दिवशी मी रडत घरी आले होते. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तू दारात. "चपला नको, बूट घाल. चल." नवीन पनवेलातून विचुंब्याच्या वळणापर्यंत मला चालवत न्यायचास. मी तुला, रस्त्याला, रस्त्यावरच्या कुत्र्यांना शिव्या द्यायचे आणि तू माझ्या गतीनं, म्हणजे गोगलगायीच्या गतीनं, शेजारून चालायचास. माझ्यापायी तुझं धावणं बुडायचं. कधी बोलून दाखवलं नाहीस. वळणावरच्या टपरीवर मला लिंबूपाणी आणि तुला सिगारेट. मी घाम पुसत तुझ्याकडे बघायचे, तर तू धूर सोडत डोंगराकडे बघत असायचास, इतका तृप्त, की वाटायचं आज जाऊ दे, आज नको बोलायला. आणि मग बोलायचेच.

लपवण्याचा तर तू कळस केलास. आपल्यात थोरामोठ्यांसमोर ओढायची नाही, हे मान्य. नातवंडं झालेला बाप्यासुद्धा म्हातारा बाप दिसला की हात मागं नेतो. पण एकदा तू गॅलरीत उभा होतास आणि आई अचानक सुकट वाळत घालायला बाहेर आली, तर तू पेटती सिगारेट मुठीत मिटलीस! चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. गावच्या जत्रेला कोण कोण येणार यावर तिच्याशी बोलत राहिलास. नंतर तळहाताला फोड आला तेव्हा सांगितलंस, क्रेनचा तापलेला पाइप लागला. आईनं कोरफडीचा गर लावला आणि तुझ्या साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या. वहिनी आणि मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होतो. आम्ही तुझ्याच बाजूच्या होतो, असंच तेव्हा वाटायचं.

मैदानावर तुझ्या तोंडात शिट्टी आणि सिगारेट आळीपाळीनं असायची. प्रांजल सांगते, "पप्पांची शिट्टी उशिरा वाजली की समजायचं, दुसरी पेटवली."

त्या दिवशीही तू धावून आलास. छातीत जळजळ आणि डाव्या खांद्यात कळ. दुसरा कुणी ऐदी माणूस असता, माझ्यासारखा, तर रस्त्यातच बसला असता आणि लोकांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेला असता. तू पडलास पैलवान. चालत घरी आलास, लिफ्टची वाटही न बघता जिना चढलास आणि आईला म्हणालास, पित्त झालंय. तिनं जिरं उकळून दिलं, छातीला तेल चोळलं. तू पडून राहिलास. तुझ्यासारख्याला पित्ताहून मोठं काही होऊच शकत नाही, अशी तुझी पक्की खात्री. दादा, सिगारेटवर मी रागावले आहेच, पण त्याहून जास्त राग मला तुझ्या त्या खात्रीचा येतो. उपचाराची सबंध सकाळ त्या खात्रीनं खाल्ली.

दुपारी दवाखान्यात आणलं तेव्हा तुझ्या पायथ्याशी आई तळवे चोळत उभी होती. डॉक्टरांनी विचारलं, "विडी, सिगारेट, तंबाखू काही?" आणि तू छाती दाबून धरत, घामानं निथळत, स्पष्ट म्हणालास, "नाही."

यमाच्या दारात उभा, आणि आईसमोर "नाही"!

मी डॉक्टरांच्या मागोमाग बाहेर गेले आणि सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला अंदाज होता. उपचार तेच राहतात, पण सांगितलंत ते बरं केलंत." मग मी त्यांना तो प्रश्न विचारला, आपला. "डॉक्टर, हा रोज धावतो हो. त्याचं काय मग?" ते म्हणाले, "धावत होते म्हणून कदाचित इतकी वर्षं निभावलं. पण धावल्यानं सिगारेट पुसली जात नाही, मॅडम. दोन्ही आतमध्ये आपापलं काम करत राहतात."

मी जिंकले होते! खरं सांगते, त्या अवस्थेतही मनात आलं, चला, आता याला ऐकवते. तशी आत आले, तर तू मास्क बाजूला करत होतास. पुढचं तुला माहीत आहे. संध्याकाळच्या आत तू गेलास आणि माझं जिंकणं माझ्याजवळच राहिलं. त्याचं मी काय करू, ते मला कुणी सांगत नाही.

तेरावं झालं. परवा घरात पहिल्यांदा मासळी आली. आई कोलंबी सोलायला बसली. उरण नाक्याच्या बाजारात मासळी विकण्यात जन्म गेलेले ते हात, त्यांना डोळ्यांची गरज लागत नाही. वहिनी तांदूळ निवडत होती. प्रांजल खोलीचं दार लावून आत होती. रोज ती सकाळी धावायच्या वेळेला उठायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. मला ते बघवलं नाही. मी आईसमोर फतकल मारून बसले. शाळेत मी शुद्ध बोलते, पण आईपुढं बसलं की जीभ आपोआप खाडीवर जाते.

"आई, दादा धावून नाय गेला. दादा सिगरेट वडायचा."

आईनं मान वर केली नाही. "कोन बोलला?"

"कोन कशाला बोलंल? मी बघितलाय. सगल्यांनी बघितलाय."

"येडी हाईस तू." तिनं कोलंबीचं डोकं मोडून बाजूला टाकलं. "सिगरेट वडनारा मानूस धावंल काय? चार पावलांत छाती भरंल त्याची. माजा पोर नेऱ्यापरयंत धावायचा."

दादा, तुझंच वाक्य! तुझ्याच ठसक्यात! इतकी वर्षं जे बोलून तू मला गप्प केलंस, तेच आई माझ्या तोंडावर फेकत होती, आणि तू शेजारी बसून मिशीत हसतोयस असं मला वाटलं. मला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. मी वहिनीकडे बघितलं. ती ताटातल्या तांदळावरची नजर काढेना. तेवढ्यात दार उघडून प्रांजल बाहेर आली. "आजी," ती म्हणाली, "आत्या खरं बोलते."

आईचे हात थांबले.

"कवापासून?"

"लग्नाच्या आदीपासून."

"तुमाला सगल्यांना ठाव व्हता?"

वहिनीनं तांदळाचं ताट बाजूला सरकवलं.

"आनी मना एकलीला नाय."

"तुजा मान व्हता, आई," मी म्हणाले. "तुज्यासमोर कसा काय तो..."

"माजा मान?" आईचा आवाज चढला नाही, हे सगळ्यात वाईट. "तुमी बोलायचा त्याला?"

"रोज."

"आयकला तुमचा?"

"नाय."

"माजा आयकला असता."

खरंच होतं ते. शिमग्याचं आठवतंय ना? तू तरणाबांड होतास, मित्रांबरोबर पिऊन आलास. आई ओरडली नाही की हात उगारला नाही. रात्री तुझं ताट वाढलं नाही, एवढंच. सकाळी तू तिच्या पायाशी जाऊन बसलास आणि त्यानंतर जन्मात दारूला शिवला नाहीस. लग्नाच्या हळदीत लोक आग्रह करून थकले. आईनं न वाढलेलं एक ताट तुला पुरलं होतं.

म्हणजे तुला माहीत होतं. मी आजवर समजत होते की तू लाजेनं लपवतोस, तिचा मान राखतोस. मान कसला! तिला कळलं की सोडावी लागेल, हे तुला पुरतं ठाऊक होतं. म्हणून सगळ्या घराला पहाऱ्यावर बसवलंस. मी कापूस दाखवत राहिले, आणि जिचा एक शब्द पुरला असता ती शेजारच्या खोलीत असायची. आता वाटतं, असेल, लाजही असेल. तळहात जाळून घेणारा माणूस नुसता लबाड नसतो. परवापासून मी दोन्ही बाजूंनी भांडून बघतेय. तू असतास तर एका वाक्यात निकाल लावला असतास आणि तो मला पटला नसता, पण निदान जेवता तरी आलं असतं.

आई उठली. नळाखाली हात धुतले. धुऊन झाले तरी पाणी तसंच वाहत राहिलं. मग पाठमोरीच म्हणाली, "म्हनून माज्याजवल बसत नव्हता व्हय."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग एकेक समोर यायला लागलं. कामावरून आलास की दारातूनच "आई, जेवलीस काय?" जेवायला बसायचास ते तिच्यापासून लांबच्या टोकाला. सणाला पाया पडलास की वाकून झटकन मागं. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं तर रिक्षात तिच्याशेजारी वहिनी, आणि तू आपला मोटरसायकलवर मागून. आम्हाला वाटायचं, बाप्यामाणूस आहे, मोठा झाला.

"मनाबी तसाच वाटला," आई म्हणाली. "पोर मोठा झाला, त्याला आता आई नको. मी कंदी बोलले नाय. तोंडाचा वास येल म्हनून लांब बसला गो माजा पोर. इतकी वरसं."

आणि ती रडली. तू गेलास त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. वहिनीनं पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. कोलंबी तशीच राहिली. रात्री कुणी जेवलं नाही.

काल सकाळी मी माझ्या घरून आले, तर आईनं बूट काढून प्रांजलच्या पुढ्यात ठेवले होते. पोरीनं नाड्या बांधल्या, पाण्याची बाटली घेतली आणि निघाली, तर आईनं तिला दारातच अडवलं.

"हिकरं ये. अशी जवल ये. श्वास सोड."

प्रांजल कावरीबावरी झाली. "आजी, शप्पथ, मी नाही गं कधी..."

"सोड बोलते ना."

पोरगी वाकली, आजीच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि श्वास सोडला. आईनं तो डोळे मिटून आत घेतला. आता सोडेल असं वाटलं, पण तिनं प्रांजलचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळाला कपाळ टेकवलं आणि तशीच उभी राहिली. मैदानाला उशीर होत होता. प्रांजल हलली नाही. वहिनी आणि मी बघत राहिलो.

दादा, एवढं जवळ तुला रोज जाता आलं असतं.